डावीकडचं वळण

रविवार, ५ जानेवारी २०२५

आज गाडी वळली. नव्या वर्षाची डायरी मुद्दाम आजपर्यंत कोरी ठेवली होती, सुरुवात चांगल्या बातमीने व्हावी म्हणून.

हडपसरला श्रीधरच्या शेडमागे मोकळा प्लॉट आहे. तिथे त्याने फक्कीने वर्तुळ आखलं आणि मी स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून जीप गोल चालवली. आधी डावीकडे, मग उजवीकडे. दोन्हीकडे दहा मीटरच्या आत. दसऱ्याला हीच गाडी बारा मीटर मागत होती.

फोर-व्हील ड्राइव्ह गाडी मुळात वळायला आळशी. पुढच्या चाकांनाही ताकद द्यायची म्हणून त्यांच्या आत एक जॉइंट असतो. तो जास्त वाकवला की तुटतो, म्हणून कंपनी चाकाला थोडंच वळू देते. चाक कुठे थांबायचं ते एक बोल्ट ठरवतो, त्याला आम्ही स्टॉपर म्हणतो. आम्ही जास्त वाकणारा जॉइंट बसवला, टायर स्प्रिंगच्या पाट्यांना घासू नये म्हणून चाकं जरा बाहेर घेतली आणि स्टॉपर तेवढाच मागे नेला. लिहायला चार ओळी लागल्या, करायला पावसाळा आणि दिवाळी गेली. तीस वर्षं कंपनीत स्टिअरिंगचंच काम केलं, पण आजच्यासारखं हसू तिथे कधी आलं नाही.

हे सगळं वेल्ह्याच्या वरच्या एका वाडीसाठी. वाडीच्या वाटेवर एक वळण आहे, चढताना डावीकडे, अगदी माघारी फिरणारं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. कुठलीही गाडी तिथे एका दमात वळत नाही. पुढे-मागे, पुढे-मागे करावं लागतं, आणि मागे घेताना चाकाला दगड लावायला माणूस उभा करावा लागतो. दोन वर्षांपूर्वी एका ॲम्ब्युलन्सचं मागचं चाक कडेवरून सुटलं, तेव्हापासून ड्रायव्हर खालीच थांबतात. वाडीतल्या कोंडीरामची बायको त्यानंतरच्या हिवाळ्यात झोळीतून खाली आणताना वाटेतच गेली. तो मला म्हणाला होता, "सायेब, गाडी वर आली आस्ती तर माझी म्हातारी आज भाकरी थापत आस्ती."

गाडीला पैसे देणाऱ्या रावसाहेबांच्या संस्थेने शब्द दिलाय. पंधरा फेब्रुवारीला ते स्वतः वळणावर येणार. गाडी एका दमात वळली तर वाडीला कायमची. नाही वळली तर संस्था पैसे दुसरीकडे लावणार आणि वाडीला आहे तीच झोळी.

घरी येऊन नंदाला सांगितलं. ती म्हणाली, "वळली ना? मग आता तुम्हीही वळा घराकडे. बीपीच्या गोळ्या चार-चार दिवस विसरता, जेवायची शुद्ध नाही. बासष्ट वर्षांचा माणूस गाडीखाली झोपतो." मी म्हटलं, "तुला तुझा कारखाना आणि तुझी पाळी, तुला काय कळणार." बोलायला नको होतं. क्वार्टर तिच्या नावावर आहे, तिच्याच नोकरीमुळे मी निवृत्तीनंतर खडकीत आरामात राहून हे उद्योग करतो. तिने भांडी जरा जोरात ठेवली. अबोला सुरू.

बुधवार, ८ जानेवारी

शेडमध्ये चक्कर आली. एक्सलखालून उठलो आणि सगळी शेडच फिरली. श्रीधरने बाकावर आडवं केलं. डावा हात थोडा वेळ माझा नसल्यासारखा वाटला, मग आला ताळ्यावर. डोकं उजवीकडे ठणकत होतं. श्रीधर रिक्षा आणून उभा. "सर, हॉस्पिटलला जाऊ." मी म्हटलं, "गोळी राहिली होती, ती घेतली. गोळी गिळायला डॉक्टर लागत नाही." लिंबू-सरबत प्यायलो आणि त्याच रिक्षाने घरी आलो.

नंदाला सांगितलं नाही. अबोल्यात आजारपण सांगायचं म्हणजे हार मानायची. शिवाय तिचंच म्हणणं खरं ठरलं असतं.

शनिवार, ११ जानेवारी

दोन गोष्टी बिघडल्या.

एक, नंदाने चटणी बंद केली. लिंबू नाही, कोशिंबीर नाही, मीठसुद्धा नाही. ताटात भाजी, आमटी आणि अर्धी पोळी. अबोला धरावा, पण असा जेवणातून काढू नये. आणि आता ती बरोबर बसतही नाही. लग्नापासून आम्ही शेजारी बसून जेवतो. टेबल छोटं आहे, ओट्याकडची खुर्ची तिची. आता वाढते आणि नाहीशी होते. मी एकटाच गिळतो. शेजारच्या सुशीलाबाईंकडे जेवत असेल.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. गाडी डावीकडे वळेना. उजवीकडे लोण्यासारखी फिरते, डावीकडे फक्कीच्या बाहेर दीड मीटर जाते. श्रीधर टेप धरून उभा होता. जो माणूस एरवी चहाला उशीर झाला तरी बोलतो, तो गप्प.

रविवारी वळलेली गाडी शनिवारी कशी बिघडते? वळणही नेमकं डावीकडचंच आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सगळी खडकी तिळगूळ वाटतेय. मी ठरवलं होतं, नंदाने तिळगूळ पुढे केला तर आपण मुकाट्याने गोड बोलायचं, संपवून टाकायचं हे. वाट बघितली. नाहीच दिला. जेवण झालं, हात धुतला, उठलो. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, नंतर बराच वेळ नळ चालू होता.

सणाच्या दिवशीही मन मोठं करता येत नाही म्हणजे कमाल आहे. छत्तीस वर्षांच्या संसारात इतका लांब अबोला आमच्यात झाला नव्हता. मला वाईट वाटतंय आणि ते तिला कळू नये असंही वाटतंय.

शुक्रवार, १७ जानेवारी

स्टिअरिंग पूर्ण खोललं. पेटी, दांडे, सांधे, सगळं. कुठे वाक नाही, कुठे झीज नाही. परत जोडलं, प्लॉटवर नेलं, डावीकडे तेच. फक्कीच्या बाहेर. शिवाय तिथे दोन रिकामे ड्रम ठेवले होते, ते पाडले. श्रीधर ड्रम वाटेतच ठेवतो. म्हणाला, "सर, ड्रम तिथेच होते. सकाळपासून."

मग हळूच म्हणाला, "मी एकदा फिरवून बघू?"

त्याने फिरवली. डावीकडे दहा मीटरच्या आत. मी त्याला सांगितलं, तू चाकं घासत, गाडी ओढत फिरवतोस. तशी बैलगाडीही वळेल. वाडीचा ड्रायव्हर घाबरलेला असणार, मागे पेशंट विव्हळत असणार, त्याच्या हाताने वळली पाहिजे. "माझ्या हाताने वळली तर कोणाच्याही हाताने वळेल," असं म्हटलं. श्रीधर जमिनीकडे बघत राहिला. माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा. मुलगा कसला, पंचेचाळीसचा आहे. माझ्यावरचा त्याचा विश्वास उडालेला मला स्पष्ट दिसतोय.

सोमवार, २० जानेवारी

स्कूटरचा डावा आरसा गेला. होळकर पुलावर एक रिक्षा माझ्या अंगावर आली. रिक्षावाला मलाच विचारतो, "काका, डोळे गहाण ठेवलेत का?" पुण्यात हल्ली कोणीही कुठूनही घुसतो.

या वर्षीच्या डायरीची पानं फार अरुंद काढलीत. जरा लिहिलं की ओळ संपते.

गुरुवार, २३ जानेवारी

नागपूरहून आम्रपालीचा फोन. पोरगी मध्यस्थी करायला निघाली.

"बाबा, आई रडत होती. म्हणते, तुम्ही तिच्याकडे बघतसुद्धा नाही."

"समोर आली तर बघेन ना."

"ती म्हणते, शेजारी बसते तर तुम्ही मान फिरवता."

"शेजारी? पंधरा दिवस होत आले, मी एकटा जेवतोय. सणाला तिळगूळ दिला नाही मला."

"बाबा, तिळगूळ तिने तुमच्या हाताशी ठेवला होता. तुम्ही हातसुद्धा लावला नाही."

आता लेकीशीही खोटं बोलायला लागली. नंदा खोटं बोलत नाही, हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून जास्त लागलं. फोन ठेवल्यावर पेपर उघडला, तर एकाही बातमीला शेंडाबुडखा नाही. वाक्यं मधूनच सुरू होतात. पेपरवाल्यांनीही मला वेडं ठरवायचं मनावर घेतलंय.

शनिवार, २५ जानेवारी

झोप नाही. डोळे मिटले की ते वळण. गाडी डावीकडे वळत वळत दरीकडे जाते आणि मागे कोणीतरी झोळीत आहे.

कोंडीराम शेडवर आला होता, मार्केट यार्डात घेवडा घालून. सोबत माझ्यासाठी पिशवीभर घेवडा. गाडीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "पंधरा तारखंला समदी वाडी वळणावं येनार हाय. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी बी यायचं म्हंतलंय." मी हो म्हटलं. तो गेल्यावर टायरच्या ढिगावर बसलो आणि रडलो. श्रीधर बाहेर जाऊन उभा राहिला, मला दिसू नये म्हणून.

गाडी वळत नाही. का वळत नाही ते मला कळत नाही. मला कळत नाही असं स्टिअरिंगबद्दल मी आजवर कधी लिहिलं नव्हतं.

मंगळवार, २८ जानेवारी

आज डावीकडचा स्टॉपर आणखी उघडला. श्रीधरने माझा हात धरला. "सर, जॉइंट एवढा वाकला तर पूर्ण वळवताना तुटेल. घाटात तुटला तर पुढची चाकं जाम. तुम्हीच शिकवलंय हे."

मी म्हटलं, "मग तू सांग. काय करू? तुला दिसतंय ना सगळं? सांग मला, कुठे चुकतंय!"

तो म्हणाला, "सर, चार दिवस घरी राहा. मी बघतो गाडीकडे." म्हणजे मला बाजूला काढायचं आहे. रावसाहेबांपुढे स्वतः गाडी वळवून दाखवायची असेल. मी पाना त्याच्या पायाशी फेकला. असा मी नव्हतो.

गुरुवार, ३० जानेवारी

स्टॉपर इतका उघडूनही डावीकडे काडीचा फरक नाही. हे यंत्रशास्त्रात बसत नाही. बोल्ट मागे घेतला तर चाक जास्त वळलं पाहिजे, वळलं म्हणजे घेर कमी झाला पाहिजे. लहान मुलाला कळेल. मी आज गाडीला शिव्या दिल्या, मग बॉनेटवर डोकं टेकून तिची माफी मागितली. लिहायलाही लाज वाटते.

संध्याकाळी घरी ताट वाढलेलं. भाजी, आमटी, भात. मी एकटा. मोठ्याने म्हटलं, "निदान मीठ तरी." थोड्या वेळाने कोणीतरी हुंदका दिल्यासारखं वाटलं. मी उजवीकडे दाराकडे बघितलं, तिथे कोणी नव्हतं.

रविवार, २ फेब्रुवारी

आज लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो, नाहीतर छाती फुटेल.

पंधरा तारखेआधी एकदा खऱ्या वळणावर बघायचं ठरवलं होतं. श्रीधर नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. वळणावर कोंडीराम आधीच येऊन थांबला होता, हातात चाकाला लावायचा दगड. मी म्हटलं, दगड लागणारच नाही. तो हसला आणि डोंगराच्या अंगाला गेला. त्यानंतर तो मला दिसला नाही.

लहान गिअर टाकला, डावीकडे स्टिअरिंग घेतलं. गाडी रुंद गेली. दरीची कड उजवीकडे दिसायला लागली. श्रीधर ओरडला, "डावीकडे, सर! अजून डावीकडे!" मी देतच होतो, जेवढं होतं तेवढं सगळं दिलं होतं. थांबलो, थोडं मागे घेतलं, परत पुढे काढली. कोंडीरामचा आवाज आला, "सायेब, थांबा! आवो सायेब!" मी आवाजाकडे बघितलं. दरीकडे. दरीत माणूस कसा ओरडेल, असंही मनात येऊन गेलं. तेवढ्यात श्रीधरने हँडब्रेक ओढला.

कोंडीराम डाव्या चाकाशी होता. त्याचा पाय चाक आणि गटाराच्या दगडात. तो जमिनीतून उगवल्यासारखा तिथे आला. मी शपथेवर सांगतो, तिथे कोणी नव्हतं.

श्रीधरने मला खाली उतरवलं. ओढलंच जवळजवळ. कोंडीरामला मागे निजवला. खाली जायला गाडी फिरवायची तर आधी वळण चढून वर वाडीच्या सपाटीवर जावं लागणार होतं, दुसरी वाटच नाही. मी मागे बसून कोंडीरामचा पाय धरला होता. श्रीधरने स्टिअरिंग डावीकडे घेतलं आणि गाडी वळली. एका दमात. पुढे-मागे नाही, दगड नाही. वर जाऊन फिरवली आणि उतरतानाही तशीच.

कोंडीरामच्या कपाळावर घाम, ओठ दाताखाली, आणि त्यातही तो म्हणाला, "वळली की वो, सायेब. एका दमात वळली."

ज्या वाडीसाठी गाडी केली तिचा पहिला पेशंट मीच पाडला.

पाय मोडलाय. बरा होईल म्हणाले. श्रीधर हॉस्पिटलच्या दारात मला म्हणाला, "सर, आज सांगतो. स्टॉपर मी त्याच मंगळवारी परत पहिल्या जागी आणला होता. गाडीला पाच जानेवारीपासून काही झालेलं नाही."

मी त्याला विचारलं, मग काय झालंय? तो म्हणाला, "वहिनींशी बोला, सर. आजच बोला." मी बोललो नाही. सुन्न होऊन घरी आलो आणि पडून राहिलो.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सगळं जसं झालं तसं लिहून ठेवतो.

संध्याकाळी नंदा पाळीवरून आली. श्रीधरने तिला फोन केला असावा, कारण डोळे लाल होते. काही न बोलता तिने ताट वाढलं. मला घास गिळेना. भाजी, आमटी, भात. मला एकदम संताप आला. कशाचा ते माहीत नाही. मी मोठ्याने म्हटलं, "एका माणसाचा पाय मोडून आलोय मी. आजच्या दिवस तरी चटणी वाढायची होतीस. इतका राग?"

मग तिचा आवाज आला, अगदी जवळून. "वाढलीय की."

"कुठे?"

"रोज वाढते. चटणी, लिंबू, कोशिंबीर, सगळं. आणि रोज तुम्ही जशीच्या तशी टाकता. मी म्हटलं, माझ्यावरचा राग अन्नावर काढताय."

"नंदा, ताटात चटणी नाहीये."

मग ताट हललं. तिने काठाला धरून ते सावकाश फिरवलं, अर्धं. आणि एकेक वस्तू उजवीकडे यायला लागली. आधी मीठ. मग लिंबाची फोड. मग शेंगदाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर आणि पोळीचा उरलेला अर्धा भाग.

मी चटणीला बोट लावून बघितलं. खरी होती.

"ही कुठून आली?"

"कुठून येणार? डावीकडे होती. डावीकडेच वाढतात ना चटणी?" तिचा आवाज फुटला. "अहो, तुम्हाला दिसत नव्हती?"

चटणी, मीठ, लिंबू डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. उभा जन्म त्याच ताटावर जेवलो. महिनाभर अर्ध्याच ताटात जेवत होतो आणि एकदाही मान वळवून बघितलं नाही, कारण बघण्यासारखं तिकडे काही आहे असंच वाटलं नाही. डोळ्यांना अंधारी नव्हती. रिकामी जागाही नव्हती. ताट तेवढंच होतं. जगच तेवढं होतं. आरसा, ड्रम, पेपरातली वाक्यं, तिळगूळ, कोंडीराम, सगळं एकामागून एक त्या ताटासारखं माझ्यापुढे आलं.

मग एक विचार आला आणि माझा जीव घाबरा झाला. मी विचारलं, "आणि तू? तू कुठे होतीस इतके दिवस?"

खुर्ची सरकली. ती उठून, टेबलाला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आली, तेव्हा मला दिसली. हातात तिचं ताट होतं. अर्धं जेवलेलं.

म्हणाली, "माझ्या जागेवर. रोज."

मग आम्ही दोघंही रडलो. तिला आठ तारखेची चक्कर सांगितली. तिने कपाळावर हात मारून घेतला. "आणि तुम्ही अबोल्यापायी मला सांगितलं नाही." तिने आणखी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, ते तिच्या-माझ्यातलं आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मेंदूचा फोटो काढला. उजव्या बाजूला छोटा डाग, आठ तारखेच्या झटक्याचा. डॉक्टरीण तरुण आहे, मुलगी शोभेल. तिने कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. मी काढलं. चांगलं काढलं असं मला वाटलं. नंदाने तोंडाला पदर लावला. बाराही आकडे मी उजव्या अर्ध्यात कोंबले होते.

मी विचारलं, "स्टिअरिंग?" डॉक्टरीण म्हणाली, "काका, डावीकडे पूर्ण फिरवलं असं तुम्हाला वाटतं, पण हात आधीच थांबतात. आता गाडीचं नाव काढू नका." सरावाने थोडं सुधारेल म्हणते. चक्कर आली त्या दिवशीच आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, हे ती म्हणाली नाही. नंदाने विचारलं, तेव्हा ती फाइल चाळत राहिली.

रविवार, ९ फेब्रुवारी

कोंडीरामला हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो, नंदाबरोबर. पाया पडायला वाकलो तर म्हणाला, "आवो, काय करताय! तुमी काय मुद्दाम घातली का काय?" मी म्हटलं, "मला तू दिसलाच नाहीस." तो म्हणाला, "म्या बी तिथं हुबं ऱ्हायला नको हुतं. आता एकच सांगा, पंधराला गाडी येनार न्हवं?"

त्याच्या सुनेने चहा दिला. कप माझ्या डावीकडे ठेवला असावा, कारण नंदाने तो उचलून माझ्या हातात दिला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मी गेलो नाही. जाऊन काय करणार, दरीकडे बघत बसलो असतो. नंदाने रजा काढली होती. सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसलो. जन्मभर स्टिअरिंगवर काम केलेला माणूस, आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं वळण दुसऱ्याच्या हातून वळताना कानाने ऐकायची वेळ आली. आता शेडमध्ये माझी गरज नाही, रस्त्यावर माझा धोका आहे. हे कोणी बोलत नाही, म्हणून मीच लिहून ठेवतो.

दुपारी श्रीधरचा फोन आला. मागे माणसांचा गलका. "सर, वळली!"

"किती वेळा?"

"रावसाहेब म्हणाले पुन्हा, म्हणून पुन्हा. मग त्यांनीच चालवली. त्यांच्याही हाताने वळली. कोंडीराम प्लास्टर घेऊन मागे बसून होता. सर, गाडी वाडीला दिली." मग तो गलक्यातून बाजूला आला. "तुमच्या हाताने पाच जानेवारीला वळली होती, सर. तीच सेटिंग आहे. त्यापलीकडे मी एक बोल्टही हलवला नाही."

बरं, म्हटलं. फोन ठेवला. आनंद झाला का, असं नंदाने विचारलं. झाला, पण तो कुठे ठेवायचा ते कळेना.

डॉक्टरणीने प्रत्येक वस्तूच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायला सांगितली आहे. ताटाला, पेपराला, दाराला. या डायरीच्या पानालाही नंदाने डावीकडे लाल रेघ ओढून दिली. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, तिथून सुरुवात करायची. म्हणजे पानं पूर्वीएवढीच रुंद होती.

रात्री जेवायला बसलो. नंदा ताट घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजपासून उजवीकडेच बसते. तुम्हाला त्रास नको."

मी म्हटलं, "नको. तुझ्या जागेवर बस. मला वळता आलं पाहिजे."

ती बसली. मला दिसेनाशी झाली. मी मान वळवायला सुरुवात केली. मान वळते, पण मन तिला वळू देत नाही, असं काहीतरी आहे. पुढे काही नाही, पुढे काही नाही, असं आतून कोणीतरी सांगत राहतं. तरी वळवली. भात गेला. पोळी गेली. चटणी आली. मग लाल पट्टी. आणखी रेटली. टेबलाचा लाकडी काठ. दुसऱ्या ताटाची कड. मग तिचा हात आणि त्या हातातला, माझी वाट बघत थांबलेला घास.

चेहऱ्यापर्यंत अजून जात नाही. मान परत आली. पुन्हा नेली, पुन्हा हातापाशीच थांबली.

ती म्हणाली, "राहू द्या आता. जेवा आधी, गार होतंय."